तीळभर राहिलेला गंधार

न्यूझीलंडमधल्या अप्पर हटमध्ये गौतमी रामटेकेला ओळखणारी माणसं दोन तऱ्हांची. एकांची हाडं तिने पाहिलेली असतात आणि दुसऱ्यांनी तिची पेटी ऐकलेली असते. हाडंवाले अर्थातच जास्त. हट व्हॅलीतल्या हॉस्पिटलात ती गेली कित्येक वर्षं एक्स-रे काढते. "श्वास घ्या, धरा, आता सोडा" हे ती दिवसभर इंग्रजीतून इतक्यांदा म्हणते की घरी मुलगी भांडायला लागली तरी तिच्या तोंडून आधी तेच निघतं. मुलगी अक्षता कॉलेजात जाते, इथेच जन्मलेली, मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीतून. नवरा हॅमिल्टनला दुधाच्या एका कंपनीत इंजिनियर. पंधरा दिवसांनी घरी येतो आणि आल्या आल्या बायकोआधी लॉनची चौकशी करतो.

पेटी मात्र तिच्या बाबांची. बाबा म्हणजे नागपुरातल्या इंदोऱ्याचे मारोती रामटेके. पोटासाठी कापडगिरणीत, आणि गिरणीला कुलूप लागल्यावर लाकडाच्या वखारीत. पण लोकांनी त्यांना ओळखलं ते 'मारोती रामटेके आणि पार्टी' या नावाने. भीमजयंती असो की बुद्धपौर्णिमा, त्यांची गायन पार्टी वस्तीवस्तीत गायची. पुढे पेटीवर मारोतीराव, बाजूला ढोलक, मागे कोरस, आणि कोरसच्या मागे झोपलेली पोरं. पेटी ते मोमिनपुऱ्यातल्या एका म्हाताऱ्या कव्वालाकडे शिकले होते. कव्वालाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पेटी कंपनीची असते बेटा, गंधार ज्याचा त्याचा." मारोतीरावांनी ते वाक्य गाठीला बांधलं आणि पुढे लेकीच्याही गाठीला बांधून दिलं.

पेटीत प्रत्येक स्वराची एक पितळी जीभ असते. पेटीवाले तिलाच सूर म्हणतात. ती मुळाशी खरवडली की सूर उतरतो, टोकाशी खरवडली की चढतो. मारोतीरावांचा सा काळी एकचा, त्या हिशेबाने त्यांचा गंधार पांढरी चारवर यायचा. बाजारातून आणलेल्या पेटीचा तो गंधार त्यांना उर्मट वाटला. म्हणून त्यांनी तो स्वतः खरवडून किंचित उतरवला आणि आपल्या गळ्याला मिळवून घेतला. त्यांनी स्वतः रचलेलं एक गाणं होतं, "भोंग्याआधी उठे माझी माय". त्यातल्या 'माय' या शब्दावर ते त्या गंधाराला टेकून उभे राहायचे. समोर बसलेल्या बायांचे पदर डोळ्यांना लागायचे ते तिथेच. आजूबाजूच्या पाच वस्त्यांमध्ये तसा गंधार दुसऱ्या कोणाकडे नव्हता, आणि ही गोष्ट मारोतीरावांना पुरती माहीत होती. साधेपणा त्यांच्या अंगी होता, पण गंधाराच्या बाबतीत नव्हता.

सूर लावण्याची त्यांची एक रीत होती. एका बैठकीत सूर कधी पुरा करायचा नाही. थोडं खरवडायचं, पेटी मिटायची आणि मूठ आवळून दाखवायची. तोंडात बहुधा पान असल्यामुळे बोलणं नाहीच. मुठीचा अर्थ लेकींना ठाऊक होता: झोपू दे त्याला. खरवडलेलं पितळ तापतं आणि तापलेलं पितळ खोटं बोलतं, शिवाय कानही थकलेला असतो. आठवड्याने निवलेल्या कानाने निवलेला सूर ऐकायचा, मग पुन्हा कानस. खरवडलेला धातू परत येत नाही, हे मात्र ते पान थुंकून बजावायचे. धाकटी कांचन या सगळ्याला कंटाळायची. गौतमी मात्र समोर मांडी घालून बसायची.

ती न्यूझीलंडला निघाली तेव्हा मारोतीरावांनी पेटी तिच्या पुढ्यात सरकवली. ती नको नको म्हणाली, तर म्हणाले, "ने तू. माझा गळा माझ्यापाशी आहे, मला दुसरी कोणतीही पेटी चालते." विमानतळावर सामानाचं वजन जास्त भरलं तेव्हा गौतमीने साड्या काढून कांचनच्या हातात दिल्या. पेटी आली.

इथे ती पेटी बरीच वर्षं जयंतीपुरती बाहेर निघायची. ती रोजची झाली नुमानमुळे. नुमान इराकमधल्या बसऱ्याचा, वय साठीच्या आसपास, मनगटाचा एक्स-रे काढायला आला होता. हात मशीनखाली ठेवता ठेवता त्याने विचारलं, "मी पुन्हा वाजवू शकेन का?" हे सांगण्याचा अधिकार डॉक्टरचा, गौतमीचा नाही. म्हणून तिने उलट विचारलं, "काय वाजवता?" तर म्हणाला, ऊद. ऊद म्हणजे त्याच्या देशाचं पोटफुगं तंतुवाद्य, आखूड मानेचं, आणि मानेवर पडदे नसलेलं. बोट नेमकं कुठे टेकवायचं ते वादकाच्या कानाने ठरवायचं. नुमान लोअर हटमध्ये एका बेकरीत पहाटे पाव भाजायचा, आणि दुपारी ब्राइस नावाच्या माणसाच्या गॅरेजात वाजवायचा. हा ब्राइस म्हणजे हट व्हॅलीच्या लाइनवर आयुष्यभर ट्रेन चालवून निवृत्त झालेला पाकेहा, म्हणजे इथला गोरा माणूस, माणसापेक्षा उंच असा डबल बास वाजवणारा, जॅझवेडा आणि भर थंडीत जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून हिंडणारा. मनगट बरं झाल्यावर नुमानने तिला बोलावलं आणि ती पेटी गाडीत घालून गेली.

काळी एक म्हणजे ब्राइसच्या भाषेत सी शार्प. पहिल्याच दिवशी त्याने कपाळाला हात लावला. "सी शार्प? कोणत्या माणसाने सी शार्पमध्ये गाणी बांधली? माझ्या बोटांनी त्याचं काय वाकडं केलंय?"

"माझ्या बाबांनी," गौतमी म्हणाली.

"मग स्वीट ॲज, चालेल. बापाशी कोण भांडणार." आणि त्याने निमूट बास उचलला.

नुमानने सगळ्या तारा काळी एकच्या हिशेबाने लावल्या, त्यात एक तुटली. मग गौतमीने "भोंग्याआधी उठे माझी माय" वाजवून दाखवलं. 'माय'वर येताच नुमानचा हात तारांवर पडून राहिला. "थांबा. हा स्वर पियानोचा नाही. हा कोणी लावला?" तिने सांगितलं. त्याने पुन्हा पुन्हा तो वाजवायला लावला. मग आपल्या ऊदवर त्याच जागेचा आपला स्वर वाजवला. रास्त नावाचा त्यांचा एक मकाम आहे, आपल्या रागासारखा. त्याचा गंधार आपल्या शुद्ध आणि कोमलच्या मधोमध कुठेतरी बसतो. "तुमच्या वडिलांचा सूर माझ्या सुराच्या शेजारी राहतो," नुमान म्हणाला. "भिंतीला भिंत लागून." त्या दिवसापासून तो गौतमीला उम्म अक्षता म्हणायला लागला, म्हणजे अक्षताची आई. त्यांच्याकडे बाईला असंच मानाने हाक मारतात.

हळूहळू तिघांचं जमलं. मारोतीरावांचं गाणं नुमान रास्तमध्ये आलापाने उघडायचा, मग ब्राइसचा बास खालून चालत यायचा, अगदी गिरणीकडे निघालेल्या बाईसारखा न थांबता, आणि त्यावर पेटी. अडायचं एकाच जागी. 'माय' आली की नुमानला आपलं बोट पेटीच्या गंधारापर्यंत वर सरकवावं लागायचं, आणि तेवढ्यापुरता त्याचा रास्त मोडायचा. तो कुरकुर करत नसे. पण गौतमीचे कान काय बहिरे होते? तिला ते दर वेळी ऐकू यायचं आणि दर वेळी खटकायचं.

तिघांचा एका चर्च हॉलमध्ये कार्यक्रम ठरला आणि एका शनिवारी दुपारी तिने पेटी उघडली. कोणाला विचारलं नाही. पांढरी चारच्या जिभेखाली तिने पातळ पत्रा सरकवला आणि मुळाशी कानस चालवली. मनात म्हणाली, बाबा आहेत की. पुढच्या खेपेला पेटी घेऊन जाईन, ते परत चढवून देतील. आणि तोवर त्यांचा गंधार माझ्या कानात आहेच, तो कुठे जातोय! बाबांची मूठही ती विसरली नव्हती, पण कार्यक्रम तोंडावर आलेला. तिने एकाच बैठकीत सूर नुमानच्या जागी आणून ठेवला.

गॅरेजात तिने तो वाजवला तेव्हा आनंद झाला तो फक्त ब्राइसला. नुमानचा चेहरा पडला. "तुम्ही वडिलांचा सूर कापलात?"

"तुमच्यासाठी."

"मला का नाही विचारलं? उम्म अक्षता, माझ्या वाद्याला पडदे नाहीत. मी सरकत होतोच की."

कार्यक्रम मात्र असा झाला की विचारू नका. बाहेर पाऊस, आत हीटरची घरघर, आणि 'माय'वर तिन्ही वाद्यं एकाच जागी आली तेव्हा हॉल असा गप्प झाला की खुर्च्यासुद्धा करकरल्या नाहीत. इंदोऱ्याच्या बायांचे डोळे जिथे भरायचे तिथेच या परक्या गावातल्या बायांचे भरले. गौतमी त्या दिवशी इतकी सुखात होती की घरी येताना दोन वेळा चुकीच्या रस्त्याला वळली. कांचनने फोनवर विचारलं, "ताई, व्हिडिओ पाठव ना, बाबा विचारून राहिले." गौतमी म्हणाली, आवाज नीट आलेला नाही. ते पहिलं खोटं.

पुढचं वर्ष फिरलं नाही तोच मारोतीरावांचा घसा बसला. गाऊन बसला असेल म्हणून आधी ज्येष्ठमध, मग गुळण्या, मग डॉक्टर. कांचनने स्कॅनचे फोटो पाठवले आणि रिपोर्ट यायच्या आतच गौतमीला कळलं. आयुष्यभर तिने दुसरं काय पाहिलं होतं? स्वरयंत्र काढावं लागणार होतं, आणि तेही ताबडतोब. ती विमानं बदलत नागपूरला पोचेपर्यंत ऑपरेशन होऊन गेलं होतं. पलंगावर बाबा उशीला टेकून बसले होते. गळ्याला भोक, त्यावर जाळीचं फडकं. तिला पाहून हसले, पण हसण्याचा आवाज आला नाही. मग त्यांनी डाव्या हाताने भाता हलवल्यासारखं केलं, उजव्याची बोटं चादरीवर नाचवली आणि भुवया उंचावल्या. पेटी कशी आहे?

"छान आहे बाबा," ती म्हणाली. "जशीच्या तशी."

एवढ्यावर ते समाधानाने झोपले. गौतमी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन रडली. माझा गळा माझ्यापाशी आहे, असं म्हणून त्या माणसाने तिला पेटी दिली होती. आता गळा गेला होता. त्यांचा सूर जगात फक्त त्या पेटीत उरायचा होता, आणि तो तिने आधीच खरवडून टाकला होता.

परत आल्यावर तिने पहिलं काम तेच केलं. पेटी उघडली, कानस घेतली, टोकाशी हलकेच एकदा फिरवली आणि कान लावला. मग हात जागच्या जागी थांबला. चढवायचा, पण कुठवर? ज्या कानाच्या भरवशावर तिने सगळं केलं होतं तो कान वर्षभर नुमानच्या रास्तमध्ये न्हाऊन निघाला होता. तो सरकला होता. बाबांचा गंधार आठवायला जावं तर रास्त पुढे यायचा, रास्तला बाजूला सारावं तर बाजारातला उर्मट गंधार यायचा. तिने बाबांच्या जुन्या कॅसेटी ऐकल्या. त्यांवर लाउडस्पीकर, ढोलक, कोरस, आणि ताणलेली टेप. अक्षताने मोबाइलवर सूर मोजायचं ॲप लावलं, तर त्यातला काटा वाऱ्यातल्या वातीसारखा थरथरत राहिला. "Sorry, Mum," अक्षता म्हणाली. दुरुस्तीवाल्याकडे न्यावी, तर तो पुस्तकातला गंधार लावून देणार. बाबांचा गंधार ओळखणारा कान आता एकच उरला होता. तो नागपुरात होता, आणि डॉक्टर त्याच्याबद्दल फारसं चांगलं बोलत नव्हते.

मग सरळ बाबांना सांगायचं की नाही? सांगायचं. पण धीर होईना. आवाज गेलेल्या बापाला आणखी काय काय गेलं ते कोणत्या तोंडाने सांगायचं? रविवारी इथे दुपार झाली की नागपुरात सकाळ होते. तेव्हा कांचन फोन बाबांपुढे उभा करायची, बाबा भात्याची खूण करायचे आणि गौतमी वाजवायची. काय वाजवायची? तर सारंग. पुढच्या रविवारी दुर्गा. त्याच्या पुढच्या रविवारी सारंगातलंच बुद्धवंदनेचं एखादं पद. ज्या रागांत गंधार मुळी लागतच नाही असे राग तिने वेचून काढले होते. पांढरी चारला बोट न लावता ती तासतासभर वाजवायची.

"ताई, बाबांचं गाणं काहून नाही वाजवत?" कांचन विचारायची.

"पुढच्या वेळी," गौतमी म्हणायची.

आता बघा, जन्मभर पेटी वाजवलेल्या माणसापासून ती काय लपवत होती? रविवारमागून रविवार एकच पट्टी मुकी राहते आहे हे त्यांना दिसत नसेल? पण भीती माणसाचा शहाणपणा आधी खाते.

नुमानला तिने सगळं सांगितलं. त्याने ऊदच्या खुंट्या पुसून घेतल्या. मग म्हणाला, "माझे उस्ताद गेले, त्यांचं घर गेलं, गल्ली गेली. त्यांचा सूर बरोबर आहे की नाही हे विचारायला मला जगात कोणी उरलं नाही. तुमच्याकडे विचारायला माणूस आहे आणि तुम्ही विचारत नाही? ज्याचा सूर त्याला विचारा."

तिला त्याचं म्हणणं पटलं. पण त्या रविवारीही तिने पेटी पुढे ओढली आणि सवयीने सारंगच धरला. थोड्या वेळाने पडद्यावर बाबांनी हात वर केला. ती थांबली. त्यांनी तीन बोटं दाखवली.

"तीन काय बाबा?" मागून कांचन म्हणाली. "गोळ्या? त्या तर घेतल्या ना तुम्ही."

गौतमीला कळलं. सा, रे, ग. तिसरा स्वर. तिने नजर खाली घातली. बाबांची तीन बोटं कॅमेऱ्यापुढून हलेनात. शेवटी तिने पांढरी चार दाबली आणि भाता भरला.

मारोतीराव ऐकत राहिले. तिने भाता सोडला आणि जे सांगायचं ते भडाभडा सांगून टाकलं. नुमान, रास्त, चर्च हॉल, कानस, सगळं. "मी तुमचा सूर घालवला बाबा. मला वाटलं माझ्या कानात आहे. आता मला तो सापडत नाही."

बाबांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. पडद्यावर नुसता त्यांचा कान दिसत होता आणि गळ्यावरचं फडकं श्वासाबरोबर आत-बाहेर होत होतं. गौतमीला वाटलं, आता हे फोन बंद करायला सांगतील आणि आपल्या नशिबी हेच. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वळवली. डोळे ओले होते. उजवा हात त्यांनी पुढे केला, तळवा आभाळाकडे, आणि सावकाश वर उचलला.

चढव.

तिथून खरं काम सुरू झालं. आधी फोनच आडवा आला. पेटीचा लांब धरलेला सूर त्याला गोंगाट वाटायचा आणि तो आपण होऊन गाळून टाकायचा. बाबा कानाला हात लावून सांगत, काही येत नाही. अक्षताने सेटिंग शोधून ती करामत बंद केली. मग गौतमी टोकाशी कानस फिरवायची, वाजवायची आणि पडद्याकडे बघायची. तळवा वर, म्हणजे चढव. पुन्हा कानस. पुन्हा वर. थोड्या वेळाने बाबा डोळे मिटायचे आणि मूठ आवळून दाखवायचे. झोपू दे त्याला.

"बाबा, आजच करू ना पुरा," ती पहिल्या रविवारी काकुळतीने म्हणाली. "मला वेळ आहे."

वेळ कोणाकडे नव्हता ते दोघांनाही ठाऊक होतं. बाबांनी मूठ आणखी घट्ट आवळली. जन्मभराची रीत ते मरणाच्या घाईसाठी मोडणार नव्हते. तिला राग आला, खराखुरा राग. घाई न करण्याची ही काय वेळ आहे? पण एकदा तिने घाई केली होती आणि त्याचं फळ समोरच होतं. तिने पेटी मिटली.

तसे रविवार गेले. बाबा खंगत चालले. आधी खुर्चीत बसायचे, मग उशीला टेकून, मग आडवे. पण रविवारी सकाळी दाढी करून घ्यायचे, असं कांचन म्हणाली. "ताई, सहा दिवस मेल्यासारखे पडून असते. शनिवारपासून बोटं वळवळ करून राहते." हे ऐकून गौतमीला हसू आलं.

शेवटच्या रविवारी तिने सूर धरला तेव्हा मारोतीरावांचा तळवा वर आला नाही, खालीही गेला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. ओठ हलले. आवाज नसलेल्या तोंडाने त्यांनी 'माय' म्हटलं, ते तिने स्पष्ट पाहिलं. आणि त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांजवळ आणून दाखवली, मध्ये जेमतेम उजेड.

"तीळभर म्हणून राहिले ताई," कांचन म्हणाली. "तीळभर राहिला."

गौतमीने कानस उचलली. पडद्यावर मूठ आवळली गेली.

"बाबा, तीळभरच आहे!"

मूठ तशीच. त्यांनी डोळे मिटले, पण मूठ कॅमेऱ्यापुढून काढली नाही. कांचननेच शेवटी हळूच त्यांचा हात खाली घेतला.

शुक्रवारी मारोतीराव गेले. विमान मिळवून पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार होतं. रडून आवाज बसलेली कांचन म्हणाली, "आता येऊन काय करशील ताई? तिथंच वाजव त्यांच्यासाठी." अंत्ययात्रा गौतमीने मोबाइलवर पाहिली. इंदोऱ्यातली म्हातारी माणसं, पार्टीचा जुना ढोलकवाला दोघांच्या आधाराने चालत. कोरस नव्हता.

पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्या माणसाच्या स्मरणाचा, कार्यक्रम इथल्या मंडळींनी त्याच चर्च हॉलमध्ये ठेवला. वेलिंग्टन आणि लोअर हटमधली महाराष्ट्रातली कुटुंबं आली, पांढऱ्या कपड्यांत. नवरा रात्रभर गाडी चालवून हॅमिल्टनहून आला आणि खुर्च्या मांडायला लागला. टेबलावर बुद्ध, बाबासाहेब आणि पेटीमागे बसलेल्या मारोतीरावांचा जुना फोटो. मागच्या रांगेत नुमान आणि ब्राइस. ब्राइसने पहिल्यांदाच बूट घातले होते, ते त्याला चावत असावेत. त्रिशरण-पंचशील झालं, माणसं चार शब्द बोलली, आणि मग तिघं पुढे येऊन बसली.

गौतमीने नुमान आणि ब्राइसला आधीच सांगून ठेवलं होतं. हा गंधार आता बाबांचा नाही आणि रास्तचाही नाही. तो मध्येच कुठेतरी अडकला आहे. ऐकणाऱ्याला पेटी बेसूर वाटेल.

ब्राइसचा बास चालायला लागला. बासलाही पडदे नसतात, हे गौतमीच्या इतक्या दिवसांत कधी लक्षात आलं नव्हतं. नुमानने आलाप केला नाही. त्याने पेटीची वाट पाहिली. ती 'माय'वर आली, पांढरी चार दाबली आणि भीत भीत तो सूर धरून ठेवला. नुमानचं बोट तारेवर खाली टेकलं, जरासं वर सरकलं, चुकलं, पुन्हा सरकलं आणि तिच्या सुराला येऊन लागलं. खालून ब्राइसचंही लागलं. जगात कुठल्याही पुस्तकात नसलेल्या त्या जागेवर तिघं उभी राहिली, जितका वेळ भाता पुरला तितका वेळ. कोणाला तो बेसूर वाटला नाही. गौतमीला मात्र त्यात राहिलेला तीळभर स्पष्ट ऐकू येत होता, आणि तो आता कायम ऐकू येणार होता. तिला रडू आवरेना. रडत रडत तिने गाणं पुरं केलं.

जेवणं झाली, माणसं गेली, अक्षता ताटं धुवायला आत गेली. नुमान पेटीजवळ येऊन खाली बसला.

"उम्म अक्षता," तो म्हणाला, "मला राहिलेला ऐकू आला. आपण तिघं मिळून तो पुरा करू. माझे कान आहेत, ब्राइसचे आहेत. थोडासाच तर आहे."

गौतमीने पांढरी चारवरून बोट फिरवलं, पण ती दाबली नाही. पेटीचं झाकण लावलं, भात्याची कडी अडकवली. मग उजवी मूठ आवळून तिने नुमानपुढे धरली. त्याला खूण कळली नाही. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"बाबांनी शेवटी हेच सांगितलंय," ती म्हणाली. "झोपू दे त्याला."